जुन्या टांग्यातून हलकी गाडी: कामाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४

मिरजेहून टांगा आला. छोट्या टेम्पोत चाकं काढून, दांड्या मागं बाहेर काढून आणला. उतरवायला शेजारचे चौघे आले आणि चौघांनीही एकच विचारलं, "आता ह्याचं काय करणार?"

काय करायचं ते इथं लिहून ठेवतो. दोन माणसं, फार तर मांडीवर एक पोर, एक घोडी, आणि पाटाच्या कडेचा कच्चा रस्ता. सकाळी नाहीतर संध्याकाळी तास-दीड तास फिरून यायचं. भाड्यानं द्यायची नाही, लग्नाला सोडायची नाही. आमचं शेत वाठार स्टेशन आणि वाई यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. रेल्वे आल्यावर पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे साहेबलोक वाठारला उतरायचे आणि पुढचा रस्ता टांग्यानं कापायचे. तेव्हा या मातीला टांगा नवा नाही, फक्त मध्ये बरीच वर्षं खंड पडला.

ज्या चाचांकडून घेतला ते पूर्वी स्टेशन ते दर्गा फेऱ्या मारायचे. पैसे मोजून घेतल्यावर म्हणाले, "दोघं बसून न्यायचा म्हणताय, तर घोड्याला शिक्षा हाय बघा. चार बसू द्यात, मग बघा कसा पळतोय." तेव्हा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

गाडीची स्थिती: चाकं लाकडी, ४४ इंची, चौदा आरे आणि सात पुठे (घेराचे वाकडे लाकडी तुकडे). डाव्या चाकाचे दोन आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यात, हलतात. आस लोखंडी आणि सरळ आहे, ही चांगली गोष्ट. कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे) गंजलेले पण तुटके नाहीत. टप, म्हणजे वरचं छत, सडला आहे. आडत्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर एकेक चाक चढवून आणि दांड्यांची टोकं वेगळी तोलून वजन केलं: २१४ किलो. हे जास्त आहे.

२७ ऑक्टोबर

टप, मागची बैठक, पायाखालच्या जाड फळ्या, कडेचं पत्र्याचं नक्षीकाम, पितळी दांडे, सगळं उतरवलं. नक्षीवर मोर आहेत. ते फेकवले नाहीत, माळ्यावर ठेवले.

टांग्याची मांडणी नीट बघण्यासारखी असते. आस मधोमध. तिच्या पुढं टांगेवाला आणि एक उतारू तोंड पुढं करून, मागं दोघं तोंड मागं करून, पाठीला पाठ. इंग्लंडात शिकारीला जाणाऱ्यांची डॉगकार्ट नावाची गाडी असायची, तिचीही बसण्याची रीत हीच. तिथं बैठकीखालच्या हवेशीर पेटीत कुत्री नेत. गव्हर्नेस कार्ट म्हणून दुसरा एक प्रकार आहे: मागून दार, आत समोरासमोर दोन बाकं, भिंती उंच. पोरं बाहेर पडू नयेत म्हणून केलेला. आमच्या घरच्यांचं मत त्या बाजूला झुकतंय. पण त्यात हाकणाऱ्याला अंग पिळून तिरकं बसावं लागतं आणि तासाभरात कंबर बोलायला लागते. मी पुढं तोंड करून बसायच्या एका बाकावर ठाम आहे.

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. आज हिशेब केला आणि चाचांचं बोलणं थट्टा नव्हती हे कागदावर दिसलं.

दांड्या घोडीच्या पाठीवरच्या गादीला ज्या पट्ट्यात अडकतात, तो पट्टा आसापासून १७० सेंटिमीटर पुढं येतो. रिकामी गाडी तिथं लटकत्या काट्यावर ६ किलो दाखवते. पुढची बैठक आसापासून २५ सेंटिमीटर पुढं आहे. तिच्यावर सत्तर-सत्तर किलोची दोन माणसं बसली, की १४० गुणिले २५ भागिले १७०, म्हणजे साधारण २० किलो आणखी. एकूण २६ किलो घोडीच्या पाठीवर, तेही अरुंद गादीवर, आणि दुडकी चाल धरली की प्रत्येक पावलाला त्याचे दणके. आता मागं तेवढ्याच वजनाचे दोघं बसवा. मागचा भार पुढच्याला तोलतो आणि पाठीवर पुन्हा ६ किलो. म्हणजे चार माणसांचा टांगा ओढायला जड, पण पाठीला हलका. दोघांचा ओढायला हलका आणि पाठीला जड.

म्हणून गाडीचे किलो उतरवत बसण्याआधी तिचा तोल बसवायचा. शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बैलगाडी भरताना मागं जास्त पडलं तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढून वर उचलते, पुढं जास्त पडलं तर बैलांच्या मानेवर येतं, हे दहा वर्षांचं पोरही बघून सांगतं. टांग्यात तोल माणसांनीच साधायचा असतो. जुने टांगेवाले उतारूंना "जरा पुढं सरका, तुम्ही मागं बसा" म्हणत राहायचे ते यासाठी.

ठरलं: एकच बाक, आसाच्या जवळपास, दोन लोखंडी पट्ट्यांवर मागंपुढं सरकणारं, तीस सेंटिमीटरच्या मापात. दोघांच्या वजनात बाक ५ सेंटिमीटर सरकलं की पाठीवर ४ किलोचा फरक पडतो. एकटा असलो तर एका खाचेवर, दोघं असलो तर दुसऱ्या. जुन्या डॉगकार्टमध्येही सरकती बैठक असायची.

चढ-उताराचंही गणित मांडलं. गाडीचा वरचा सांगाडा आणि दोन माणसं मिळून दोनशे किलो धरलं आणि त्या सगळ्याचा मध्य आसाच्या ६० सेंटिमीटर वर असला, तर दहाला एक अशा चढावर तो मध्य ६ सेंटिमीटर मागं झुकतो. पाठीवरचे ७ किलो कमी होतात. म्हणजे सपाटीवर ६ ठेवले असतील तर चढावर उणे एक: दांड्या वर उचलायला बघतात, आणि घोडीच्या पोटाखालचा पट्टा त्यांना धरून ठेवतो. उतारावर तेच ७ किलो वाढून १३ होतात. बाक जितकं खाली, तितका हा झोका कमी. म्हणून बाकाची उंची चार इंच उतरवायची. गुडघे जरा वर येतील, चालेल.

२४ नोव्हेंबर

निवडणूक, निकाल, गुलाल सगळं झालं तेव्हा सुतारमामा मोकळे झाले. चाकांसाठी बाभूळ लागते. तुंबा, आरे, पुठे, तिन्हीला आमच्याकडे बाभळीसारखं लाकूड नाही. चिवट असतं आणि आऱ्याच्या खाचेत फुटत नाही. मी वखारीतून आणलेला ओंडका मामांनी नखानं दाबून बघितला, मग वास घेतला आणि बाजूला सारला.

"ह्यो औंदाचा हाय. आत्ता ठोकला तर शिमग्यापर्यंत आरा खुळखुळा वाजंल."

मग त्यांच्याच छपराखालून चार-पाच वर्षं वाळलेली जुन्या बैलगाडीची दांडी काढली. तिच्यातून दोन आरे निघाले. आरा तासताना ते आखलेल्या रेषेनं जातच नाहीत, लाकडाच्या रेषा जिकडं जातात तिकडं रंधा जातो. आऱ्याची तुंब्याकडची जिभ चौकोनी आणि किंचित निमुळती. ती तुंब्यात बसवून घणानं मारताना आवाज बदलत जातो: आधी ठप, ठप, मग टण. टण झाला की हात थांबतो. त्यानंतर एक जरी घाव जास्त मारला तर तुंबा चिरतो, असं ते म्हणाले.

चाक सपाट नसतं हेही आज जवळून पाहिलं. आरे तुंब्यातून बाहेरच्या अंगाला किंचित झुकलेले असतात, चाक बाहेरून बशीसारखं खोलगट दिसतं. घोडं चालताना गाडीला दर पावलाला आडवा धक्का बसतो, तो ही बशी पेलते. अगदी सपाट चाक आडव्या धक्क्याला लवकर ढिलं पडतं.

मोटरसायकलची चाकं लावा असा सल्ला चौघांनी दिला. शर्यतीच्या घोडागाड्यांना तशीच असतात. हलकी, हवेची, बेअरिंगवाली. जनावरांच्या गाड्यांसाठीच्या सरकारी नियमांतही हवेच्या टायरला झुकतं माप आहे: एका घोड्याच्या दुचाकी गाडीला हवेचा टायर असेल तर ७५० किलोपर्यंत भार, नसेल तर ५००. हवेच्या टायरचा शोधच मुळी घोडागाडीसाठी लागला. रॉबर्ट थॉमसननं १८४० च्या दशकात पेटंट घेऊन ते घोड्याच्या गाडीला लावून दाखवले, सायकल आणि डनलॉप त्यानंतर चाळीस वर्षांनी. पण आमच्या पाटाच्या रस्त्यावर बाभळीचे काटे पसरलेले असतात, आणि लहान चाक ज्या खड्ड्यात पडतं त्यावरून ४४ इंची चाक नुसतं वाकून पुढं जातं. भार पाचशेच्या जवळपासही जाणार नाही. लाकडी चाकंच ठेवतोय, वर भरीव रबर.

८ डिसेंबर

धाव, म्हणजे चाकाच्या घेरावरची लोखंडी पट्टी, चढवली.

साधी धाव नाही, पन्हळीसारखी खाचेची, तिच्यात रबराची पट्टी बसते. टांग्याचं रबर बाजारात मिळणं कठीण झालंय, पण लग्नाच्या बग्ग्या बनवणाऱ्यांकडे अजून असतं. त्यांच्याकडूनच आणलं.

लोहारमामांनी चाकाच्या घेरावर खडूची खूण केली आणि आपली लोखंडी फिरकी त्यावरून फिरवली. तीच फिरकी मग पट्टीवर आतून फिरवली. दोन मापांत पाच सुतांचा फरक ठेवून पट्टी कापली, टोकं जोडली. चाकाचा घेर साडेअकरा फुटांचा, आणि पट्टी त्याहून पाच सूत लहान. तापवली की लोखंड फुगतं. पाचशे अंशांपर्यंत नेलं तर एवढ्या लांबीला वीसेक मिलिमीटर वाढतं. पाच सूत म्हणजे सोळा मिलिमीटर. मामांनी हे गणित कधी मांडलेलं नाही, पण त्यांची पाच सुतं त्यात चपखल बसतात.

गोवऱ्यांचं गोल कडं रचलं, मध्ये पट्टी, वर पुन्हा गोवऱ्या. सगळीकडून सारखी तापली पाहिजे म्हणून भात्याची भट्टी इथं कामाची नाही. मी लाल होण्याची वाट बघत होतो.

"लाल कशाला? लाकूड जाळायचंय व्हय? वाळली काडी टेकवली आन् पेटली, की उचलायची."

काडी पेटली. तिघांनी चिमट्यांनी कडं उचललं, चाकावर ठेवलं, दोन बाजूंनी घण. लाकडातून धूर निघाला, कडेनं ज्वाळा आल्या आणि लगेच चारी बाजूंनी पाणी ओतलं. त्या वेळी चाकातून जो करकर आवाज येतो, तो चौदाही आरे एकाच वेळी आत दाबले जाण्याचा. सगळे सांधे मिटले. खुळखुळणारे आरे आता हातानं हलवून दाखवावेत.

दुसरं चाकही तसंच केलं. त्याचं पहिलं कडं जरा तिरकं बसलं, पुन्हा काढून पुन्हा तापवलं. त्यात दुपार गेली.

२१ डिसेंबर

कमानपाटे. टांगा चार माणसांसाठी बांधलेला, आमची दोन. पाटे जसेच्या तसे ठेवले तर वाकणारच नाहीत, लाकडाच्या ठोकळ्यावर बसल्यासारखं होईल. दर बाजूला सहा पाटे होते. मुख्य पाटा आणि त्याखालचा ठेवला, मधले एकाआड एक दोन काढले, चार उरले. पाट्यांची संख्या कमी तशी कमान नरम, साधारण त्याच प्रमाणात. गंज घासून मध्ये ग्राफाइटचं ग्रीस भरलं. यू-बोल्ट नवे.

दोघं बसल्यावर गाडी दीड इंच खाली बसते. आधी एवढी बसत नव्हती.

कमानपाट्यांचं आणि हौशी गाड्यांचं नातं जुनं आहे. १८०४-०५ च्या सुमारास ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिरानं लंबवर्तुळी कमानींची रचना आणली. त्याआधी चारचाकी गाडीच्या पोटाखाली पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत एक जाड तुळई असायची. ती काढून टाकता आली, गाड्या एकदम हलक्या झाल्या, आणि मग मालकानं स्वतः हाकत फिरायला जायची फॅशन बोकाळली. आपल्याकडे मालकानं स्वतः हाकायचं ठळक उदाहरण म्हणजे शाहू महाराज. कोल्हापूरच्या रस्त्यांवर त्यांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, प्रसिद्ध होता. पण ती दणकट गाडी, ताकदीचे घोडे आणि तशाच ताकदीचे हात. आपलं काम त्यातलं नाही.

वजन पुन्हा केलं: बाकासकट १२६ किलो. ८८ किलो उतरले.

४ जानेवारी २०२५

आज साज उघडला. टांग्याबरोबर आलेलं पोतं इतके दिवस तसंच पडलं होतं.

कातडं बहुतेक कडक झालंय. दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) आणि पोटाखालचा तंग नवा करावा लागेल. डोळ्यांची झापडं चांगली आहेत. पोत्याच्या तळाशी लगामाचा जो लोखंडी भाग निघाला, त्याला जिभेच्या बाजूनं काट्यांच्या चकत्या होत्या. बोट लावलं तर टोचतात. हा लगाम आता वापरायचा नाही एवढंच नाही, तो कायद्यानं बंद आहे. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम, साज वा काठी वापरायला सरळ मनाई आहे. त्याच नियमांत आणखी: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, ३७ अंशांच्या वर उष्मा जातो तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, आणि हाकणारा व सहा वर्षांखालची पोरं सोडून चारच माणसं. साठ वर्षं झाली या नियमांना. वराती-बाजारात ते कुणी वाचलेत असं दिसत नाही.

मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद झाल्या तेव्हा बऱ्याच लोकांना हळहळ वाटली. उच्च न्यायालयानं जून २०१५ मध्ये हौसेपायी चालणाऱ्या त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली. २०२१ पासून तशाच दिसणाऱ्या विजेच्या गाड्या धावू लागल्या. मला निकाल पटतो. डांबर, गर्दी, हॉर्न आणि रात्री उशिरापर्यंतच्या फेऱ्या यात जनावराची दैनाच होती. आपण गावात हौस करतोय म्हणून आपलं जनावर आपोआप सुखात आहे असं मात्र मानायचं नाही. म्हणून हे नियम गोठ्याच्या भिंतीला लावतोय.

नवा लगाम गुळगुळीत, मध्ये एक सांधा, जाड. छातीपट्टा रुंद, आतून नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड). ओढीचे पट्टे थेट गाडीच्या चौकटीला अडकवायचे नाहीत. एक आडवी लाकडी दांडी, मध्यावर एकाच खिळीवर डुलणारी, तिच्या दोन टोकांना दोन पट्टे. घोड्याचे खांदे आळीपाळीनं पुढं जातात. ही दांडी त्यांच्याबरोबर डुलते, नाहीतर छातीपट्टा दर पावलाला इकडून तिकडं घासतो आणि तासाभरात कातडी सोलते.

मागचा पट्टाही करायला टाकला. मांड्यांच्या मागून जातो आणि दांड्यांना अडकतो. आपल्या गाडीला ब्रेक नाही. उतारावर घोडी मागं रेलते आणि याच पट्ट्यावर गाडी तोलून धरते.

१९ जानेवारी

घोडीबद्दल अजून लिहिलंच नव्हतं. चंद्रा. पांढरी, काठेवाडी रक्त मिसळलेली देशी, ५६ इंच, दातांवरून नऊ वर्षांची. वरातीतून निवृत्त. भीमथडीचं तट्टू घ्यावं असं फार मनात होतं. त्या जातीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली, आणि दख्खनच्या खडकाळ वाटांवर मराठ्यांनी दौडवली ती हीच घोडी. पण हाकायला शिकवलेलं जनावर हाताशी आलं नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत मित्र जाऊन आला. तिथले भाव ऐकून मी फोन ठेवला.

पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी, सर्रा या रोगासाठी रक्ताची तपासणी, धनुर्वाताची लस. नालबंद येऊन गेला. सव्वा महिन्यानं पुन्हा येईल, खुर वाढो न वाढो.

शिकवणं पायरीपायरीनं. आधी गाडी नाही. लांब लगाम घेऊन मी मागं चालायचं, "चल", "हो", उजवं, डावं. मग दोराला स्कूटरचं जुनं टायर बांधून ओढायला लावलं. मागून काहीतरी सरपटत येतंय ही भीती जायला वेळ लागतो. टायर आधी बाजूनं ओढून दाखवलं, वास घेऊ दिला, मग मागं नेलं.

गंमत अशी की वरातीच्या घोडीला आवाजाची भीती अजिबात नाही. बँड, फटाके, डीजे, सगळं पचवलेलं. भीती वाटते ती सिमेंटच्या पायपाच्या मोरीची आणि हलणाऱ्या काळ्या मल्चिंगच्या, म्हणजे पिकाच्या बुडाशी अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या, कागदाची. आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या रानात मल्चिंग आहे.

२ फेब्रुवारी

कारखान्यांचा हंगाम भरात. ऊस भरलेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्ताभर चालतात. मुद्दाम चंद्राला वाठार रस्त्याच्या कडेला, मोकळ्या रानात धरून उभं केलं. पहिला ट्रॅक्टर आला तसे तिनं कान टवकारले. गाणं ओळखीचं असावं, कारण ती पुढचा पाय आपटत नाचायला लागली. वरातीत तेच करून पैसे मिळायचे ना. ड्रायव्हरनं हसून आवाज आणखी वाढवला.

हे नाचणं दांड्यांमध्ये परवडायचं नाही. दोन आठवडे रोज तासभर तिथंच उभं करायचं, नाचली तर काही नाही, शांत उभी राहिली तर गूळ.

१६ फेब्रुवारी

गाडी जुंपली.

आधी रिकाम्या दांड्या दोन्ही बाजूंनी अंगाला लावून चालवलं, मग गाडी. एक जण म्होरकी धरून पुढं, मी लगाम घेऊन बाजूनं चालत, बाक रिकामं. शेताला दोन वेढे. मग मी बसलो. बाक मागच्या खाचेत, पाठीवर काट्यानं ५ किलो.

चाकांचा आवाज जवळजवळ नाहीच, रबराची कृपा. ऐकू येतात ती फक्त खुरं आणि कातड्याची करकर. पाटाच्या चढाला पोटाखालचा पट्टा ताणला जाताना दिसला, हिशेबात आलं होतं तसंच. उतारावर तिनं मागचा पट्टा पहिल्यांदा अंगावर घेतला तेव्हा जरा बावरली, शेपूट दाबली, दोन पावलं आडवी गेली. "हो, हो" म्हणत थांबवलं. पुन्हा चढ, पुन्हा उतार, प्रत्येक वेळी चालीनंच. दुडकी नाही.

९ मार्च

दुडकी चाल सुरू केल्यावर नवीन दोष उघडा पडला. घोडी दुडकत असताना बाकावर बसलेल्याचं अंग मागंपुढं, मागंपुढं असं हिसकत राहतं. खड्ड्याचा धक्का नाही तो, कमानपाटे त्यावर काही करू शकत नाहीत. दांड्या गाडीच्या सांगाड्याला बोल्टनं पक्क्या आहेत, त्यामुळं घोड्याच्या पाठीचं वर-खाली होणं दांड्यांतून थेट बैठकीत येतं. दुचाकी गाड्यांचं हे जुनं दुखणं. चांगल्या गाड्यांत दांड्या सांगाड्यापासून कशानं तरी सुट्या केलेल्या असतात, कुठं चामड्याच्या पट्ट्यावर, कुठं छोट्या कमानीवर.

आम्ही जीपच्या कमानपाट्याचे रबरी बुश वापरले. दांडीचा पुढचा बोल्ट त्या बुशमधून, आणि मागचं टोक दोन इंची शॅकलवर (डुलणाऱ्या लोखंडी कडीवर) लटकतं. दांडी अर्धा इंच वर-खाली खेळते. हिसका गेला असं म्हणणार नाही, पण आता मांडीवर पोर झोपू शकतं.

परदेशात हौशी घोडागाड्यांचं आता शर्यतीचं शास्त्र झालंय. ब्रिटनचे प्रिन्स फिलिप १९७१ साली पोलो सोडून गाड्या हाकण्याकडे वळले, आणि या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियमही त्यांच्याच पुढाकारानं बनले. तिथल्या गाड्या लोखंडी नळ्यांच्या आणि डिस्क ब्रेकच्या असतात. दिसायला यंत्रासारख्या, पण ओढ, तोल आणि दांडीचा खेळ याबद्दलची त्यांची कटकट वाचली की मिरजेचे चाचा आठवतात. त्यांना फोन करून पाठीवरचे किलो सांगितले. "पाच? मग लई चांगलं. पर उतारू आपला, पैसा न्हाई?" असं विचारून खूप वेळ हसत होते.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारून सातला निघालो, आई बाजूला. पाटाच्या कडेनं दोन गावं ओलांडून चिंचेच्या झाडापर्यंत आणि परत. चालीला ताशी सहा किलोमीटर, दुडकीला बारा-तेरा. परतीला मल्चिंगच्या रानापाशी चंद्रानं कान हलवले आणि निघून गेली.

थांबल्यावर नाडी बघतो: विश्रांतीत मिनिटाला ३६ असते, आज परतल्यावर दहा मिनिटांत साठच्या खाली आली. छातीपट्ट्याखाली, गादीखाली आणि मागच्या पट्ट्याखाली हात फिरवून कातडी तपासली, कुठं गरम नाही. नऊच्या आत गोठ्यात. इथून पुढं जूनपर्यंत फक्त सकाळी, आणि पारा चाळिशीकडे गेला की ते पण नाही.

बाकाच्या खाचांना तेलरंगानं आकडे टाकले: एकटा तिसरी, दोघं पाचवी, दोघं आणि पोर सहावी. वजनं बदलली की काट्यावर पुन्हा बघायचं.

राहिलेलं: पावसाळ्यापूर्वी दोन्ही तुंब्यांचं वंगण बदलणं. चाकांना जवस तेलाचा हात, नाहीतर पावसात फुगून आणि उन्हात आकसून आरे पुन्हा ढिले होतील. दांड्या आढ्याला टांगायच्या, जमिनीवर टेकवून ठेवायच्या नाहीत. आणि मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर अजून लावलेले नाहीत, ते लागेपर्यंत गाडी डांबरी रस्त्याच्या पलीकडं न्यायची नाही.